पायाखालची पाचर

माझ्या धाकट्या भावाला काहीही घ्यायचं असलं की तो आधी मला फोन करायचा. पंखा, बूट, चष्म्याची फ्रेम, काहीही. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये देखभालीचं काम करते, म्हणजे साठ यंत्रं आणि ती बिघडवायला सहाशे मुलं. बुटातलं मला काय कळणार? पण ‘ताई म्हणाली’ एवढं म्हणता आलं की त्याचं समाधान व्हायचं, आणि सल्ला द्यायला माझं काय जात होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या मंगळवारी त्यानं विचारलं, “ताई, प्रोसेसर बदलू की मदरबोर्ड?”

“कशाचा?”

“माझ्या कॉम्प्युटरचा. तो गेमिंगचा.”

मला क्षणभर कळेचना. तो कॉम्प्युटर त्यानं सतराव्या वर्षी घेतला होता, कुणाचा तरी वापरलेला, अख्खी सुट्टी औषधांच्या गोदामात खोकी चिकटवून. काळा पेटारा, एका बाजूला काच आणि आत लाल दिवा. आईनं तेव्हा विचारलं होतं, “मासे कुठायत?” वर्षभर त्यानं त्याच्यावर जीव टाकला आणि मग एक दिवस चादर घालून ठेवून दिला. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तो आईच्या शिवणवर्गात कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या डोक्यावर दोऱ्याच्या रिळांचा डबा होता.

“तो आता कशाला काढलास?”

त्यानं सांगितलं. सांगताना तो नेहमीसारखा सगळं क्रमानं सांगत होता. तो मालधक्क्याच्या फाटकावर वजनकाट्याच्या केबिनमध्ये काम करतो. ट्रक काट्यावर येतो, आकडा हलतो, हलायचा थांबला की हा लिहून घेतो. त्या धक्क्यावरच्या क्रेन आता वर चढून चालवायच्या नव्हत्या, खोलीत बसून पडद्याकडे बघत दांडा हलवायचा होता. सहा जागा होत्या आणि त्या आतल्याच माणसांमधून भरायच्या होत्या. आकड्यात कधी न चुकणारा माणूस म्हणून साहेबांनी याचंही नाव घातलं होतं. परीक्षा दोन आठवड्यांनी, बुधवारी. सरावासाठी सगळ्यांना एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात क्रेनला टांगलेलं खोकं उचलायचं, झोके जाऊ न देता न्यायचं आणि आखलेल्या चौकोनात ठेवायचं. शंभरात सत्तर मिळाले की पास.

“मला पंचावन्नच्या वर जातच नाहीत,” तो म्हणाला. “चित्र अडकत अडकत येतं. आता हा कॉम्प्युटर मंद आहे की मी मंद आहे, एवढं कळलं पाहिजे. मी असलो तर उगाच कुणाची जागा अडवणार नाही. सोमवारपर्यंत नाव मागे घेता येतं.”

“शनिवारी येते,” मी म्हणाले. “प्रोसेसर कुठला आहे ते लिहून पाठव. लॅबच्या भंगारात काही मिळतं का बघते.”

तो मंद आहे हे आमच्या घरात कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. लहानपणी तसं काही नव्हतं, उलट बाकीच्यांचा पहिला घास होईपर्यंत ताट रिकामं करणारं पोर होतं ते. सतराव्या वर्षी त्या काळ्या पेटाऱ्यावर तो एक शर्यतीचा खेळ खेळायचा आणि आमच्या भागातला एकही मुलगा त्याच्या पुढे टिकत नसे. मग बारावीची परीक्षा झाली आणि महिनाभरानं एक मोठी स्पर्धा झाली. पहिल्या आठांना एक क्लब शिकवायला घेणार होता, राहायची सोयही करणार होता. हा बेचाळिसावा आला. दोस्तांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं, त्याचं पुढं गोगल्या झालं, आणि मग आईच्या तोंडीही तेच बसलं. तिनं ते लाडानंच घेतलं. काट्यावरची नोकरी त्यानं मुद्दाम शोधली असं माझं मत आहे. तिथे घाई केलेली चालत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार गल्ल्यावर बसून एका पंख्याची पाती जुन्या टूथब्रशनं घासत होता. भावानं कागद पुढं केला. त्यावर प्रोसेसरचं नाव, बोर्डाचं नाव, मेमरी किती, सगळं सुवाच्य अक्षरात होतं.

“हे बघा,” दुकानदार म्हणाला, “प्रोसेसर म्हणजे आचारी आणि बोर्ड म्हणजे ओटा. तुमचा ओटा इतका जुना आहे की नवा आचारी त्याच्यापुढं उभाच राहणार नाही. याच ओट्याला चालणारा जरा बरा आचारी आणायचा तर तोही म्हाताराच मिळणार.”

“आणि ओटा बदलला तर?”

“मग आचारी नवा, भांडी नवी, शेगडी नवी. फक्त भिंती तुमच्या राहतील.”

“म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” मी म्हणाले.

“तुम्ही याच धंद्यातल्या दिसता,” तो म्हणाला आणि पुन्हा पंखा घासायला लागला.

भाऊ बराच वेळ काउंटरच्या काचेखालचे प्रोसेसर बघत उभा राहिला. चौकोनी बिस्किटांएवढे तुकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू सांगशील तसं.”

“आधी मी उद्या उघडून बघते. तू कामावर असशील तेव्हा.”

“बघ. पण ताई, मला गोड बोलून सांगू नकोस. जे आहे ते सांग.”

रविवारी सकाळी तो डबा घेऊन गेला. शिवणवर्गाला सुट्टी होती. आई कात्र्या तेल लावून पुसत बसली होती आणि मी तो पेटारा टेबलावर घेऊन पाठीमागची धूळ काढली. सुरू केला. प्रोग्रॅम चालवला. खरंच, चित्र अडखळत होतं. दांडा हलवला की खोकं क्षणभर विचार करून मग हलायचं.

मी आतली माहिती उघडली. हा प्रोसेसर चार कोरचा. म्हणजे त्याच्या पोटात चारजण काम वाटून घेतात असं समजा. पडद्यावर दोनच दिसत होते. त्या दोघांचा वेगही जेवढा हवा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता.

मला वाटलं, खराब झाला. अकरा वर्षं झाली, होतं असं. तरी खात्री करावी म्हणून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि सुरू होताना कळ दाबून बोर्डाची सेटिंग उघडायला गेले. कोण किती काम करणार हे तिथं ठरतं आणि ते बोर्डाच्याच आठवणीत राहतं. तिथं पासवर्ड मागितला. माझ्या बोटांनी तो टाकला. मी विचारही केला नव्हता. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या सायकलच्या कुलुपाचा नंबर होता तो.

मग मला आठवलं.

आईच्या वर्गात मोटारीची शिवणयंत्रं आहेत. खालचं पेडल पुरतं दाबलं की सुई सुसाट सुटते आणि नव्या मुलीचं बोट सुईखाली जायचा धोका असतो. म्हणून आई नव्या मुलीच्या पेडलखाली लाकडाची पाचर सरकवून ठेवते. पेडल अर्ध्यापर्यंतच दबतं. मुलीला ती हे सांगत नाही, कारण सांगितलं की मुलगी हळूच पाचर काढून बघते. तीन आठवड्यांनी ती पाणी प्यायला उठली की आई पाचर काढून घेते. कुणाच्या पेडलखाली कधी घातली ते यंत्राच्या फळीला खालून खडूनं लिहिलेलं असतं. आजवर एकही पाचर विसरून राहिलेली नाही.

भावाच्या परीक्षेच्या वर्षी आईनं मला विचारलं होतं, “त्याच्या त्या पेटाऱ्यालाही एखादी पाचर मारता येते का? परीक्षेपुरती. खेळायला मजा आली नाही की आपोआप पुस्तकाकडं वळेल.”

मी वीस वर्षांची होते, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते आणि मला येत नाही असं म्हणायची सवय नव्हती. तो आंघोळीला गेला असताना मी दोन कोर बंद केले, उरलेल्यांचा वेग खाली आणला आणि वर पासवर्ड घातला. चहाचं पाणी तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. बाहेर येऊन त्यानं कॉम्प्युटर लावला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “वापरलेला घेतला ना, आज ना उद्या असं होणारच होतं.” त्यानं खेळणं सोडलं नाही. फक्त त्या मंद यंत्राशी जुळवून घेतलं. वळण यायच्या आधीच दांडा वळवायचा, आणि मग थांबून वाट बघायची. इतकं सफाईनं करायला लागला की त्याच्या खोलीत डोकावलं तर काही बदललंय असं वाटू नये.

परीक्षा संपायच्या आधीच मला दुसऱ्या गावी ही नोकरी लागली. मी गेले. विसरले.

स्पर्धेहून परत आल्यावर त्यानं मला फोन केला होता, तोही आठवला. “तिथली मशीनं लोण्यासारखी होती गं ताई,” तो म्हणाला होता. “सगळ्यांना एकसारखी. आणि मी प्रत्येक वळणावर भिंतीवर.” मी त्याची समजूत घातली होती. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, असं काहीतरी. त्या वेळीसुद्धा मला आठवलं नाही. हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, पण ते खरं आहे.

“आई,” मी म्हणाले, “याच्यात मी पाचर मारली होती ना, ती तशीच आहे.”

आई कात्री पुसायची थांबली. “परीक्षेपुरती म्हणाले होते मी.”

“हो.”

“मग?”

“काढायची राहिली.”

तिनं कात्री खाली ठेवली. रागावणं तिला जमतं, चांगलंच जमतं, पण ती रागावली नाही. “तो स्पर्धेला गेला तेव्हा होती?”

“होती.”

“फार दिवस पाचर राहिली की पाय बिघडतो,” ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती असं वाटलं नाही. “मग पाचर काढली तरी मुलगी सुई सुटली की घाबरून पाय उचलते. कापड वाकडं जातं. तिला वाटतं आपल्यालाच येत नाही.”

थोड्या वेळानं ती उठली आणि कात्र्या डब्यात भरायला लागली. “आता काढून टाक आणि गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला कशाला उगाच जुनं उकरून द्यायचं?”

मला हेच ऐकायचं होतं हे मी कबूल करते. मी चारही कोर सुरू केले, वेग पूर्ववत केला, पासवर्ड काढला. प्रोग्रॅम लावला. खोकं दांड्याबरोबर हललं. मला एवढं हायसं वाटलं की मी आईला चहा करून दिला.

संध्याकाळी तो आला आणि बूटही न काढता विचारलं, “काय निघालं? प्रोसेसर की बोर्ड?”

“प्रोसेसर,” मी म्हणाले. “लॅबच्या भंगारात याच जातीचा एक चांगला सापडला होता. तो बसवलाय. आता बघ.”

माझ्या पिशवीत खरंच एक प्रोसेसर होता. तो पिशवीतच होता. खोटं बोलायचं तर पुरावा जवळ ठेवून बोलावं एवढं शहाणपण मला होतं.

तो हातपाय धुऊन बसला. मी मागं उभी होते आणि आई दारात वाटाणे सोलत होती. त्यानं खोकं उचललं. ते झटकन वर गेलं. त्यानं दांडा वळवून सोडला, जुन्या सवयीनं, आधीच. खोकं निम्म्या वाटेत थांबलं आणि घड्याळाच्या लंबकासारखं झुलायला लागलं. झोका सावरायला त्यानं उलटा दांडा दिला, तोही आधीच. झोका वाढला. खोकं चौकोनाबाहेर पडलं.

एकेचाळीस.

त्यानं पुन्हा केलं. अडतीस. मग त्रेचाळीस. चौथ्यांदा खोकं शेजारच्या क्रेनला लागलं आणि प्रोग्रॅम स्वतःच थांबला.

“चित्र आता छान दिसतंय,” तो म्हणाला. “लोण्यासारखं.” त्याच्या आवाजात काही नव्हतं. काट्यावरचा आकडा वाचून दाखवावा तसं बोलत होता. “मशीन चांगलं झालं आणि माझे गुण कमी झाले. स्पर्धेतही हेच झालं होतं. प्रोसेसर बदलून झाला, ताई. आता बदलायला मीच उरलो.”

“अरे, सवय व्हायला वेळ लागतो,” मी म्हणाले.

“तेव्हाही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस. चांगल्या मनानं म्हणाली होतीस. पण हे बरं झालं. उगाच आशा राहिली असती.” तो उठला आणि पडदा बंद केला. “उद्या सकाळी जाऊन नाव मागे घेतो. माझ्यामागे एक जण यादीत आहे, त्याची दोन पोरं लहान आहेत.”

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत गप्प बस असं होतं, आणि तिच्या मांडीवरच्या वाटाण्याच्या शेंगा तशाच होत्या. मी तेव्हाही गप्प बसू शकले असते. काही वाईट झालं नसतं. तो काट्यावर बसला असता, मला बूट विचारत राहिला असता, आणि मला ते आवडलंही असतं. हा विचार माझ्या मनात आला म्हणून मला स्वतःची शिसारी आली.

“मी प्रोसेसर बदललेला नाही,” मी म्हणाले. “बस. सांगते.”

मी सांगितलं. क्रमानं सांगितलं, कारण त्याला ते तसं लागतं. चहाचं पाणी तापण्याएवढा वेळ, दोन कोर, सायकलचा नंबर, नोकरी. मग आजची सकाळ, आणि पिशवीतला प्रोसेसर काढून टेबलावर ठेवला.

तो ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, “कुठल्या महिन्यात घातलीस?”

मी महिना सांगितला.

“म्हणजे स्पर्धेच्या आधी साडेचार महिने.” त्यानं बोटांवर मोजलं. “मी तेव्हा रोज दोन-तीन तास सराव करायचो. परीक्षा असूनही.”

“हो.”

“म्हणजे मी साडेचार महिने रोज मंद व्हायला शिकलो.”



“आणि काढायची राहिली ती का? आई म्हणाली म्हणून?”

“नाही. विसरले.”

आईनं सांगितलं असतं किंवा मला त्याचा हेवा वाटला असता, तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. विसरण्याला कुठं धरणार? तो माझ्याकडं बघत राहिला. पाच वर्षांचा असताना रस्ता ओलांडताना माझं बोट धरायचा, तेव्हा असाच वर बघायचा. मी मान खाली घातली.

“घालायला मी सांगितलं होतं,” आई दारातून म्हणाली. “हिचं एकटीचं नाही.”

“तुझं कळलं मला,” तो म्हणाला. “तुला काळजी होती.”

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होईना. शेवटी ती सुरू होऊन निघून गेली. मग त्यानं आईकडं वळून विचारलं, अगदी वर्गातल्या मुलीनं विचारावं तसं, “पाचर फार दिवस राहिली, तर नंतर पाय सुटायला किती वेळ लागतो?”

“मुलगी हट्टी असेल तर आठवडा.”

“आणि हट्टी नसेल तर?”

“मग ती शिवण सोडून देते,” आई म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्यानं मान हलवली. खुर्ची पुढं ओढली आणि पडदा पुन्हा लावला. “तुम्ही दोघी बाहेर जा. मला मागं कुणी उभं नको.”

आम्ही स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलो. आतून दांड्याचा टकटक आवाज येत होता. मग खोकं पडल्याचा. मग पुन्हा टकटक. आई म्हणाली, “मी त्याला अकरा वर्षं गोगल्या म्हणते.” तिला रडू आलं आणि मीही रडले. रडून काही होत नाही, पण तेव्हा दुसरं काय करणार होतो?

सोमवारी मी पहाटेच्या गाडीनं परत आले. तो नाव मागे घ्यायला गेला नाही. हे मला आईनं सांगितलं. पुढच्या सगळ्या बातम्या तिच्याकडूनच आल्या. मंगळवारी सत्तेचाळीस. गुरुवारी साठ. शनिवारी पुन्हा बावन्न, त्या दिवशी तो जेवला नाही. सोमवारी त्र्याहत्तर. त्यानं दांड्याच्या मुठीला चिकटपट्टी लावली आहे. तो ओठ दुमडून बसतो. तो सतराव्या वर्षी बसायचा तसाच बसतो, आणि आई त्याला आता त्याच्या खऱ्या नावानं हाक मारते, पण तिचं तोंड अजून वळत नाही.

बुधवारी परीक्षा झाली. त्याला एक्क्याऐंशी मिळाले. सहा जणांत तो तिसरा. मी फोनची वाट बघितली. संध्याकाळी आईचा आला, मागून त्याचा हसण्याचा आवाज येत होता, शेजारचे कुणी आले होते. मी म्हणाले, “त्याला दे ना.” आई म्हणाली, “देते,” आणि मग म्हणाली, “तो पेढे वाटायला वर गेला वाटतं.” हसणं तर मला ऐकू येत होतं.

नंतर त्यानं स्वतः एक ओळ पाठवली. ‘लागलो. एक तारखेपासून.’ मी अभिनंदन लिहिलं. तो माझ्याशी भांडला नाही, बोलणंही टाकलं नाही. दोन महिन्यांत आमचं बोलणं चारदा झालं असेल, आईचं औषध, घराच्या टाकीची गळती, असंच. पण त्या दोन महिन्यांत त्यानं नवे बूट घेतले, नवी सायकल घेतली, खोलीला पंखा घेतला, आणि त्यातलं एकही मला विचारलं नाही. मला वाईट वाटलं. वाईट वाटायचा माझा हक्क नव्हता, तरी वाटलं.

मग एका रविवारी घरी गेले. तो टेबलापाशी बसला होता. पेटाऱ्याची काच काढून भिंतीला टेकवली होती. आत नवा कोरा मदरबोर्ड होता. वायरी काळ्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या, आमच्या लॅबमध्ये कुणी बांधत नाही इतक्या नीट. शेजारी माहितीची पुस्तिका उलटी ठेवलेली, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

“नवीन प्रोसेसर घेतलास?” मी विचारलं.

“नाही, प्रोसेसर तोच आहे. त्याच्यात काही खोट नव्हती. बोर्ड बदलला. दुकानदाराला याच जातीचा न वापरलेला शोधायला महिना लागला.”

“अरे, पण जुन्या बोर्डालाही काही झालं नव्हतं. सेटिंग मी काढून टाकली होती. तो अजून पाच वर्षं चालला असता.”

“चालला असता,” तो म्हणाला.

त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला. मी बघत होते. तो प्रत्येक स्क्रू पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघत होता, आणि मगच घालत होता.

“कुणी बसवून दिला?”

“मीच. चार रविवार लागले.”

“मला सांगायचंस. मी दोन तासांत बसवून दिला असता.”

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि पुस्तिकेचं पान उलटलं.